मंगळवारी जाणारा सर्व्हर

आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं आली. बाबा जळगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते, शिशाची अक्षरं म्हणजे खिळे जुळवणारे. संपाचं, सभेचं, कुणाच्या बडतर्फीचं, असं कुठलंही पत्रक छापलं की त्यातली वाकडी आलेली पानं ते घरी आणत. फळीवर तीच अंथरलेली, भाकरीच्या टोपलीत तीच, माझ्या पुस्तकांना कव्हरही त्यांचंच. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मला शाळेत जायच्या आधीपासून वाचता येत होतं. त्यामुळे असेल, पण एखादी गोष्ट बिघडली की ती आपोआप बिघडली यावर माझा विश्वास बसत नाही. ती कुणीतरी बिघडवलेली असते आणि त्यात कुणाचा तरी फायदा असतो. हे मी आजही मानते. पुढची हकिगत मात्र मला लपवता येणार नाही.

नोकरी धुळ्याला लागली. पिंपळनेरच्या पुढे एक धरण होत होतं. त्यात बुडणाऱ्या गावांच्या याद्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम एका पुनर्वसन कार्यालयात चाललं होतं. नव्वदीच्या मधली वर्षं ती. मी कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि मराठी टायपिंगला हात चांगला होता, म्हणून कंत्राटावर घेतलं.

खोलीत दोन कॉम्प्युटर होते, एक माझा आणि एक छपाईचा. व्हरांड्याच्या पलीकडे रेकॉर्ड रूममध्ये तिसरा. सगळी यादी एका मशीनवर मावत नव्हती, म्हणून ती वाटून ठेवली होती. गावांची फाइल माझ्याकडे, कुटुंबांची फाइल पलीकडच्या मशीनवर. त्या पलीकडच्याला सगळे सर्व्हर म्हणत. तिघांना मिळून पेन्सिलीएवढ्या जाडीची एकच काळी वायर होती आणि तिच्या दोन्ही टोकांना धातूची एकेक टोपी. जोडणी नीट असली की पडद्यावर गाव आणि त्यातली माणसं एकत्र दिसत, एकाच वहीत लिहिल्यासारखी. जोडणी गेली की गाव दिसे, माणसं नाहीत. खाली इंग्रजीत प्रश्न येई : रिट्राय की अ‍ॅबॉर्ट? पुन्हा बघायचं की सोडून द्यायचं?

धरणाच्या कामाला यापेक्षा खरा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

बसवायला आलेला इंजिनिअर फैजपूरकडचा होता, जळगावच्या एका दुकानात कामाला. तो म्हणाला, मॅडम, धूळ आत येऊ देऊ नका, मशीन मरतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी पुठ्ठ्यावर लाल-काळ्या शाईने पाटी लिहिली : ‘चपला बाहेर काढूनच आत यावे.’ पोस्टरचं अक्षर मला बाबांकडून आलेलं. वळणदार आणि लांबून दिसणारं. हेडक्लार्कनी घरून काथ्याचं पायपुसणं आणून दारात टाकलं.

हेडक्लार्कना सगळे नाना म्हणत. निवृत्तीला आलेले, पांढरा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. रेकॉर्ड रूमची किल्ली त्यांच्याशिवाय कुणाकडे नव्हती आणि ती ते कुणाला देत नसत. साहेबांनाही नाही.

“नाना, सर्व्हर बघायचा असतो मला. किल्ली ठेवा ना माझ्याकडे,” मी एकदा म्हटलं.

“तुमचा सर्व्हर आत असेल ताई, पण माझी रजिस्टरंही आत आहेत,” ते म्हणाले. “तुमचं यंत्र नवीन आहे. त्याची अजून ओळख व्हायची आहे.”

हे वाक्य मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलं.

दर मंगळवारी एका गावाची तपासणी असे. लोकांनी यायचं, मी पडद्यावरून त्यांचं घर, त्यातली माणसं वाचून दाखवायची, बरोबर असेल तर सही किंवा अंगठा, आणि मग पावती. पावती असेल त्याला नव्या गावठाणात प्लॉट. नसेल त्याचं काय, हे कुणी बोलत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

आधीची गावं सरळ गेली. त्यांचे पुढारी होते. ते बूट घालून येत, पाटी न वाचता एका ढेंगेत खोलीत शिरत, यादी छापून घेत आणि साहेबांच्या केबिनमध्ये बसून तपासत. शेवटी उरलं ते वरच्या अंगाचं छोटं गाव. त्याला पुढारी नव्हता, म्हणून गावच आलं. चाळीसेक माणसं पहाटेची एसटी धरून आली, आणि माझ्या पडद्यावरची माणसं गेली.

मी रिट्राय दाबत राहिले. दीड तास. शेवटी नाना दारात येऊन म्हणाले, “आज काही व्हायचं नाही. पुढच्या मंगळवारी या.” दारात दाटलेले लोक मागे फिरले, चपला घालून गेले. ते फाटकाबाहेर पडतात तोच सर्व्हर परत आला. सगळी माणसं पडद्यावर, एकही कमी नाही असं दिसत होतं.

दुसऱ्या मंगळवारी हेच. तिसऱ्या मंगळवारी हेच. चौथ्या मंगळवारी यादी बंद होणार होती.

त्या गावातली एक अक्का दर वेळी रांगेत पहिली असे. पन्नाशीची, नवरा वारलेला. दिराचं म्हणणं, घर एक तर प्लॉट एक. तिचं म्हणणं, चूल वेगळी तर घर वेगळं. सर्व्हेला आलेल्यांना तिने स्वतः चूल दाखवली होती. कागदावर ती वेगळी लिहिली गेली का, एवढंच तिला बघायचं होतं. तिसऱ्या मंगळवारी ती माझ्या टेबलाला धरून उभी राहिली.

“मनं नाव येगळं शे का नही, इतलंच सांग, ताई.”

“अक्का, दिसतच नाहीये मला.”

“गाव दिसस का?”

“गाव दिसतंय.”

“गाव पाणीमा जाई ऱ्हायनं तरी दिसस,” ती मागच्या लोकांकडे वळून म्हणाली, “आन् आम्ही कोल्ल्या जागावर बठेल, ते नही दिसतस!”

कोल्ल्या म्हणजे कोरड्या. लोक हसले. मला हसू आलं नाही. मी नानांकडे बघत होते. ते किल्ल्या चाचपत व्हरांड्यातून चालले होते, रेकॉर्ड रूमच्या दिशेने.

आता मी पद्धतशीर मागे लागले. नानांना रेकॉर्ड रूम उघडायला लावून वायरची दोन्ही टोकं तपासली, टोप्या घट्ट होत्या. इंजिनिअरने फोनवर सांगितल्याप्रमाणे टोपी मध्ये आणून लावली आणि वायर अर्धी-अर्धी करून बघितली. हा अर्धा भाग ठीक, तोही ठीक. छपाईचं मशीन काढून बघितलं. मशीनमधली कार्डं काढून पुसून बसवली. हे सगळं बुधवारी, गुरुवारी, आणि बुधवारी-गुरुवारी काहीच बिघडलेलं नसे. इंजिनिअर स्वतः आला तोही शुक्रवारी. “मॅडम, लाइन ओके आहे. उगीच बोलावलंत,” म्हणाला, आणि पिशवीतून केळ्यांची फणी काढून नानांच्या टेबलावर ठेवली.

फैजपूरच्या माणसाने नानांना केळी का द्यावीत? तेही डायरीत गेलं. नानांनी दोन केळी माझ्याकडे सरकवली, ती मी घेतली नाहीत.

सापळा तर मी आधीच लावला होता. तिसऱ्या मंगळवारी सकाळी रेकॉर्ड रूमच्या दाराच्या फटीत एका जुन्या पत्रकाची चिंचोळी पट्टी खोचून ठेवली होती. दार उघडलं तर पट्टी पडेल. सर्व्हर गेला, लोक गेले, सर्व्हर आला. मी जाऊन बघितलं, पट्टी जागच्या जागी. नाना त्या दिशेने गेले खरे, पण दारापर्यंत पोचलेच नव्हते किंवा तिथून परतले होते. कुणीही शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी असा निष्कर्ष काढला की आत न जाता वायर तोडायची त्यांच्याकडे काहीतरी सोय आहे, आणि ती इंजिनिअरने करून दिली आहे. केळी त्याचीच. संशयाला एकदा घर मिळालं की त्याच्याविरुद्धचा पुरावाही त्याच घरात सामान होऊन येतो. पण हे मला तेव्हा कुणी सांगून पटलं नसतं.

शनिवारी मी जळगावची एसटी धरली. पारोळा येईपर्यंत पत्रक लिहून झालं होतं. ‘माणसं गायब करणारे कार्यालय’ असा मथळा. कोण दर मंगळवारी सर्व्हर बंद पाडतो, कोण विधवेच्या घराची वाट अडवतो, सगळं होतं त्यात. शेवटी नानांचं नाव.

बाबांनी ते खिडकीशी उभं राहून वाचलं.

“चांगलं लिहिलंस,” ते म्हणाले. “तू डोळ्यांनी पाहिलंस?”

“सगळं जुळतंय बाबा. तारखा आहेत माझ्याकडे.”

“जुळतंय ते कळलं. पाहिलंस का?”

“पाहणार कसं? तो माणूस पक्का आहे.”

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी छापखान्यातून गठ्ठा घेऊन आले. पत्रक सुबक निघालं होतं. फक्त नावाच्या जागी कोरी पट्टी सोडली होती.

“हे काय?”

“नावाचे खिळे मी लावले नाहीत,” ते म्हणाले. “खिळे जुळवले की ते माझं होतं. नाव तुला टाकायचं असेल तर तुझ्या हाताने टाक, तुझ्या अक्षरात. मग ते तुझं.”

मला राग आला. आयुष्यभर इतरांची नावं बेधडक छापणारा माणूस मुलीच्या वेळी कच खातो, असं वाटलं. सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी धुळ्यातल्या माझ्या खोलीवर बसले आणि प्रत्येक पत्रकात नाव भरलं. पोस्टरच्या वळणात, ठसठशीत.

चौथ्या मंगळवारी मी दहाच्या आधी फाटकाशी उभी होते. गाव आलं तसं एकेकाच्या हातात पत्रक दिलं. वाचता येणारे थोडेच होते. अक्काने ते घडी करून कमरेला खोचलं.

“यादी शे का ही?”

“यादी नाही अक्का. यादी का मिळत नाही, ते आहे.”

“ते माले काय करनं शे,” असं म्हणून ती पुढे गेली.

आत आले तर नाना माझ्या खोलीत, माझ्या टेबलाच्या समोरच खुर्ची टाकून बसलेले. असं ते कधी बसत नसत.

“आज मी इथेच आहे,” ते म्हणाले. “शेवटचा मंगळवार आहे. काय होतं ते बघू.”

मी सर्व्हर तपासला. चालू होता. गाव होतं, माणसं होती. मी शिपायाला म्हटलं, पाठव एकेकाला. बाहेर पायांचा आवाज झाला, दारात गर्दी झाली, आणि पडद्यावर प्रश्न आला. रिट्राय की अ‍ॅबॉर्ट?

मी झटकन मान वर केली. नाना खुर्चीतच होते. दोन्ही हात टेबलावर, किल्ल्या हातांसमोर. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या बोटांकडे. आणि माझी बोटं कीबोर्डच्या वर, हवेत होती.

तारखा, पट्टी, केळी, सगळं मी मनात उलटंपालटं करून बघितलं. समोर बसलेल्या माणसाने काहीही केलं नव्हतं, आणि या वेळी मी ते डोळ्यांनी पाहत होते.

करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी रिट्राय दाबत राहिले. दारात अक्का होती. तिच्या टायरच्या वहाणांना मागे पट्टा होता. ती चौकटीला धरून, एका पायावर उभी राहून, दुसऱ्या पायाचा पट्टा सोडत होती. मागे दोघंतिघं तिला खेटून, तेही वाकलेले. पाटीची आज्ञा पाळत. तिचा तोल गेला, मागचे मागे सरले, ती एक उडी मारून बाजूला झाली, आणि पडद्यावर माणसं आली.

ती पुन्हा पायपुसण्यावर उभी राहिली. पुढची ओळ मागितली तर माणसं गेली.

“अक्का,” मी म्हटलं, “जरा पाय उचला.”

“कसाले?”

“उचला ना. दोन्ही. म्हणजे बाजूला व्हा.”

ती बाजूला झाली. रिट्राय. माणसं आली.

“आता परत उभ्या राहा.”

उभी राहिली. गेली.

“हाई काय खेय लाया, ताई?” मागून कुणीतरी ओरडलं. “अक्काना पायमा करंट शे का?”

गर्दी खदखदून हसली. नाना मात्र उठले होते. ते दारात गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ते काथ्याचं पायपुसणं उचललं. खाली ती काळी वायर होती, व्हरांडा ओलांडून रेकॉर्ड रूमकडे जाणारी. एका जागी ती चपटी झाली होती. वरचं आवरण फाटून आतली जाळी दिसत होती. कुणी अडखळू नये म्हणून नानांनी तिच्यावर पायपुसणं टाकलं होतं. लोकांनी तिथे थांबावं म्हणून मी पाटी लिहिली होती. बूटवाले कधीच थांबले नाहीत, म्हणून त्यांच्या मंगळवारी काही झालं नाही. जे थांबले, वाकले, देवळात शिरावं तसे अनवाणी आत आले, त्यांच्याच वजनाने त्यांची नावं जात होती. आणि मी अर्धी-अर्धी करून वायर तपासली ती सगळी रिकाम्या दिवशी. वायर भिंतीवरून वर न्यायला चार हात जास्त लागली असती, तेवढी बसवणाऱ्यांनी वाचवली होती. हा राग माझा अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असं मला वाटतं.

नानांनी वायर उचलून एका स्टुलावर ठेवली आणि स्वतः शेजारी उभे राहिले. “या आत. चपला राहू द्या पायात.”

कुणी येईना. “नही नही नाना, लिखेल शे ना,” एक म्हातारा पाटीकडे बोट दाखवून म्हणाला. शेवटी सगळ्यांनी अंगणात, उन्हात चपला काढल्या आणि तापलेल्या फरशीवरून उड्या मारत आत आले.

अक्का पहिली. मी तिच्या दिराचं घर काढलं. दीर होता, जाऊ होती, मुलं होती. पुढचं घर काढलं, ते दुसऱ्याचं. मागे गेले, पुढे गेले. अक्का नव्हती.

आणि मी लाजेने सांगते, मला आनंद झाला. हलका, ओळखीचा आनंद. म्हणजे मी चुकले नव्हते.

“नाव काढलंय,” मी मोठ्याने म्हणाले. “हिचं नाव कुणीतरी काढलंय.”

नाना रेकॉर्ड रूममध्ये गेले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. सर्व्हेचं मूळ रजिस्टर त्यांनी माझ्यासमोर उघडून ठेवलं. त्यात अक्का होती. स्वतंत्र ओळीवर, त्यांच्या बारीक अक्षरात. विधवा, चूल वेगळी, स्वतंत्र कुटुंब.

मग त्यांनी खिशातून एक छोटी डायरी काढली आणि रजिस्टरवर ठेवली. तारखा होत्या, वेळा होत्या. सर्व्हर गेल्याच्या, आल्याच्या. माझ्याच तारखा, माझ्याच वेळा. प्रत्येकीपुढे एकच शेरा : ‘ताई मशीनवर.’

“मला वाटत होतं तुम्हीच बंद करता,” ते म्हणाले. “कंत्राटावरची माणसं, कोण कुठून सांगून पाठवतं काय माहीत. म्हणून किल्ली दिली नाही. नावं गेली तर निदान रजिस्टर राहील.” त्यांनी एका तारखेवर बोट ठेवलं. “हे पान तुम्ही या दिवशी चढवलं. त्या दिवशीही या गावचे पाच-सहा जण चौकशीला येऊन दारात उभे होते.”

मला आठवलं. रिट्राय दाबून कंटाळून मी त्या दिवशी अ‍ॅबॉर्ट दाबलं होतं, आणि जोडणी आल्यावर पुढच्या घरापासून सुरुवात केली होती. नाव काढलं नव्हतं कुणी. मीच ते सोडून दिलं होतं.

मी रजिस्टर बघून अक्काची नोंद पुन्हा चढवली. मोठ्याने वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. मग अंगठा दिला. नानांनी सही केली, पावती फाडली.

एवढ्यात रांगेतला एक जण, शाळा शिकलेला, पत्रक घेऊन पुढे आला. भोळेपणाने की मुद्दाम, मला कळलं नाही. “नाना, तुमनं नाव शे यामा.”

नानांनी चष्मा नाकावर घेतला आणि पूर्ण वाचलं. दाराकडे मान वळवून माझ्या पाटीकडे बघितलं, परत पत्रकाकडे.

“बाकी छापलंय,” ते म्हणाले. “नाव तुमच्या हाताचं आहे.”

“हो.”

“यादी पूर्ण करा आधी. अजून बरेच लोक राहिलेत.”

एवढंच. ते परत स्टुलापाशी जाऊन उभे राहिले. चार वाजेपर्यंत.

लोक निघाले तेव्हा मी फाटकाशी गेले आणि सकाळी दिलेली पत्रकं एकेकाकडून परत मागितली. नुसती मागून भागणार नव्हतं. प्रत्येकाला सांगितलं : यातलं नाव चुकीचं आहे, मी टाकलं होतं, या माणसाने काही केलेलं नाही. काहींना दोनदा सांगावं लागलं. शाळा शिकलेल्याने विचारलं, “मंग कोन्ही कये?” मग कुणी केलं? मी पाटीचं सांगितलं, ते त्याला पटलं नाही. मला त्याच्याबद्दल थोडी आपुलकी वाटली.

अक्का शेवटी आली. तिने पावती पत्रकात गुंडाळून, वर दोरा बांधून पुडी केली होती.

“अक्का, तो वरचा कागद द्या. दुसरा देते मी.”

“ऱ्हाऊ दे. पावती मळी जाई.”

“त्यावर लिहिलेलं खोटं आहे अक्का.”

“माले कोठे वाचता येस?” ती म्हणाली. “मधमा खरं शे ना?”

“हो. आतलं खरं आहे.”

“मंग झाय.” तिने पुडी चोळीत ठेवली आणि एसटीकडे निघाली. तिच्या वहाणांचे पट्टे उघडेच फटफटत होते.

पाटी मी त्याच दिवशी उतरवली. वायर नानांनी दुसऱ्या दिवशी घरून खिळे आणून भिंतीवर चढवली. मी स्टूल धरलं. पुढे माझं कंत्राट संपलं, नाना निवृत्त झाले, धरण भरलं. उरलेली पत्रकं मी जळगावला नेली. बाबांनी ती मागे कोरी आहेत म्हणून हिशेबाने कापून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या, नाव असलेली पट्टी तेवढी वेगळी काढून चुलीत घातली.

पण एक पत्रक राहिलंच. नव्या गावठाणात, कुठल्यातरी पत्र्याच्या पेटीत, अक्काच्या पावतीभोवती. कधी तिची नातवंडं शाळेत जातील आणि ती पुडी सोडून वाचतील. त्यांना ते खरं वाटेल, कारण ते चांगलं लिहिलेलं आहे. त्यांनी अक्षर कुणाचं ते विचारावं, म्हणून हे लिहून ठेवलं.